घरी कोण कोण असतं?

पुण्यात बाईमाणसाने तोंड झाकलं तर कुणाच्या भुवया वर जात नाहीत. ओढणी डोक्यावरून घ्यायची, कानांवरून फिरवून नाकावर आणायची, मानेमागे गाठ मारायची, वर गॉगल चढवायचा. सिग्नलला सख्खा भाऊ शेजारी येऊन थांबला तरी ओळखत नाही. मुंबईच्या प्राइडमध्ये, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या मोर्च्यात, सुरुवातीच्या वर्षांत बरेच जण मुखवटे लावून चालायचे, असं मी वाचलं होतं. आम्हा पुणेकरणींना तेवढाही खर्च नाही.

तशी बांधाबांध करून २०१९ च्या जूनमधल्या एका रविवारी मी जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यानापाशी पोचले. गाडी मुद्दाम लांब, घोले रोडच्या एका गल्लीत लावली. का, ते विचारू नका. गाडीच्या नंबरावरून मला कोण ओळखणार होतं? पण लपूनछपून वागायची सवय लागली की ती नंबरप्लेटपर्यंत जाते.

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते. तेव्हा ४५ वर्षांची होते. घरी मी आणि बाई. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. ती शाळेत शिकवते, पोरं तिला 'बाई' म्हणतात, म्हणून चिडवायला मीही म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. ती मला 'मॅडम' म्हणते, खातेदार म्हणतात म्हणून. २००७ पासून आम्ही एका घरात राहतो.

या एका घरात राहण्याला मराठीत सरळ शब्द नाही. 'समलिंगी' म्हटलं की जीवशास्त्राचं पुस्तक उघडल्यासारखं वाटतं. 'पार्टनर' म्हटलं की मला भागीदारी खात्याचा फॉर्म आठवतो, दोघांच्या सह्या आणि फर्मचा शिक्का. त्यामुळे वर्षानुवर्षं 'मैत्रीण' हाच शब्द चालवला. फार सोयीचा शब्द आहे तो. त्यात काहीच खोटं नसतं आणि सांगायचं तेवढंही नेमकं नसतं.

खरी अडचण एका प्रश्नाची होती. आपल्याकडे दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला येतो तो: घरी कोण कोण असतं? रिक्षावाला विचारतो, दातांचा डॉक्टर तोंडात आरसा घालून विचारतो, गाडीत शेजारी बसलेली बाई तर विचारतेच. मी म्हणायची, "मी आणि एक मैत्रीण." त्यावर समोरचा म्हणायचा, "बरं." कधी पुढे एक वाक्य, "भाड्याला सोपं पडतं." संपलं. लग्न झालेल्या बाईला याच प्रश्नानंतर अर्धा तास प्रश्न असतात: सासूचं गुडघेदुखीचं कसं आहे, नवरा डबा नेतो का, घोरतो का. आमच्या घराची गोष्ट त्या 'बरं'पाशी येऊन थांबायची. कुणी वाईट बोललं असं नाही. पुढे विचारण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटतच नसे.

पहिल्या घरमालकिणीला आम्ही मावसबहिणी म्हणून सांगितलं होतं. ते अंगाशी आलं. खोटं नातं सांगितलं की त्याचा सगळा गोतावळा सांभाळावा लागतो. एका गणपतीत माझी खरी मावशी घरी आली, आणि मालकीण तिला आनंदाने म्हणाली, "अय्या, तुमची मुलगी इथेच असते की!" मावशीला दोन मुलगे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि बाई आत जाऊन उगाचच भांडी घासायला लागली. पुढच्या अकरा महिन्यांच्या करारापासून आम्ही मैत्रिणी झालो.

पुण्यात प्राइड निघते हे मला पहिल्यापासून माहीत होतं. डिसेंबर २०११ मध्ये पहिली निघाली, 'समपथिक ट्रस्ट'ने काढली होती. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ही संस्था. ते या विषयावर मराठीत लिहीत होते, स्वतःच्या नावाने, पुण्यात राहून, हेच मला तेव्हा अचाट वाटायचं. पेपरातला फोटो मी जेवणाच्या सुट्टीत पाहिला. पान उलटलं. पुन्हा मागे आले. बायका किती आहेत ते मोजायचा प्रयत्न केला, फोटो लहान होता. शेजारची सहकारी म्हणाली, "काय काय निघेल आता." मी म्हटलं, "हो ना." हे 'हो ना' मला पुढे बरीच वर्षं टोचलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला आणि कलम ३७७ पुन्हा जसंच्या तसं उभं राहिलं. १८६० च्या दंडविधानातलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ते कलम. आम्हा बायकांना ते कितपत लागू होतं, हा वकिलांच्या वादाचा विषय होता. पण शाळेच्या संस्थाचालकाला आणि घरमालकाला वकील लागत नाही. 'ते कायद्यात बसत नाही' एवढं वाक्य पुरतं.

६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं काढून टाकलं. गुरुवार होता, गणपती आठवड्यावर आले होते, बँकेत मंडळांच्या खात्यांची गर्दी. मोबाइलवर बातमी आली तेव्हा माझ्यासमोर एक खजिनदार वर्गणीची चिल्लर मोजत होता. मी दहाच्या नाण्यांची एक थप्पी दोनदा मोजली आणि दोन्हीदा वेगळा आकडा आला. बाईचा मेसेज आला: "वाचलंस?" मी लिहिलं: "हो." संध्याकाळी तिने पुरणपोळी केली. सण नव्हता काही. शेजारणीने विचारलं तर म्हणाली, "डाळ जास्त शिजली होती."

तर त्या निकालानंतरची पुण्यातली पुढची प्राइड जूनमध्ये होती आणि मी जायचं ठरवलं. बाईने नाही म्हटलं. भांडण झालं असंही म्हणता येणार नाही. ती भांडत नाही, वह्या तपासायला घेते. तिचं म्हणणं एकच: निकालाने तुरुंग टळला, नोकरी टिकेलच असं कुठे लिहिलंय? १९८७ साली मध्य प्रदेशात पोलीस दलातल्या दोन बायकांनी एकमेकींच्या गळ्यात माळ घातली आणि दोघींची नोकरी गेली. ती बातमी तिच्या वडिलांनी सकाळी चहा पिता पिता मोठ्याने वाचून दाखवली होती. ती तेव्हा सातवी-आठवीत. वडील पुढे काहीच बोलले नाहीत, फक्त हसले. ते हसणं तिला अजून ऐकू येतं. एका निकालाने ते कसं जाईल?

"तू जा," ती म्हणाली. "मला तुळशीबागेत काम आहे. पाणी घेऊन जा, ऊन आहे." आणि माझ्या ओढणीची गाठ तिनेच मागून घट्ट केली.

उद्यानात शिरले आणि पहिल्या पाच मिनिटांत वाटलं, चुकलंच.

सगळी विशी-पंचविशीतली मुलं. चेहऱ्यावर रंग, केस निळे, गालावर पट्टे. फलक बहुतेक इंग्रजीत, आणि त्यातले विनोद मला कळेनात. कळले ते वाचून कान गरम झाले. मोठ्या कंपन्यांच्या टी-शर्टमधले घोळके होते. पुढे कंपनीचं नाव, मागे इंद्रधनुष्य. आमच्या बँकेचा असा टी-शर्ट मी कल्पनेत आणून पाहिला, मागे इंद्रधनुष्य आणि खाली 'ठेवींवर आकर्षक व्याज'. हसू आलं, पण कुणाला सांगणार? मुलगे पुष्कळ, तृतीयपंथी पुष्कळ. मुली होत्या, पण त्या माझ्या भाचीच्या वयाच्या. पंजाबी ड्रेस, ओढणी, खांद्याला पर्स आणि हातात छत्री घेतलेली मी एकटी. महापालिकेने पाठवलेली बाई वाटत असेन.

शेजारीच बालगंधर्व रंगमंदिर. तिकडे बघत उभी राहिले, बघायला काहीतरी पाहिजे म्हणून. नारायण श्रीपाद राजहंस या गृहस्थांनी स्टेजवर शालू नेसला आणि घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला, केस बांधायला शिकल्या. त्या माणसाच्या नावाच्या इमारतीला खेटून आमचा मोर्चा निघणार आणि येणारे-जाणारे म्हणणार, हे काय नवीनच! आपण महाराष्ट्रीय माणसं मोठी मजेशीर आहोत. पडदा उघडलेला असेल तर आपलं सगळ्याला 'वन्स मोअर'.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी धावत आली. फार गोड मुलगी. "काकू, तुम्ही पेरेंट ना? पेरेंट्स सगळे त्या झाडाखाली आहेत. चला, मी सोडते."

मी तोंड उघडलं. ओढणीआड उघडलं, त्यामुळे तिला दिसलं नाही. तिने माझी छत्री घेतली, दंडाला धरलं आणि मला झाडाखाली नेऊन बसवलं. १२ वर्षं संसार करून मी पालक म्हणून दाखल झाले.

झाडाखाली चार-पाच आया आणि एक वडील होते. वडील पेपर वाचत होते, पेपरात डोकं पूर्ण घालून. माझ्याशेजारी साठीच्या एक काकू, नऊवारी नाही पण इरकली, पायात रबरी चप्पल, मांडीवर नायलॉनची पिशवी. सांगलीकडच्या. बोलायला लागल्या आणि कळलं.

"पोरगा का पोरगी?"

"अं?"

"तुमचं ओ. माझा पोरगा हाय. त्यो बघा, लांबडा झेंडा उलगडायला लागलाय, त्यातला कडंचा. इथं पुण्यात कंपनीत हाय." मग आवाज खाली करून, "गावात सांगून नाही आले. दवाखान्यात दाखवायला चाललेय म्हटलं. आता परत गेले की रिपोर्ट काय आला म्हणून सगळी विचारतील."

मी म्हटलं, "नाही हो. मुलगा नाही, मुलगी नाही. मीच."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दिसत होता तो गॉगल आणि कपाळाची दोन बोटं.

"आत्ता गं बया," त्या म्हणाल्या. आणि सरकून बसल्या, जागा करून. "मग अशी अवघडून का बसलीस? नीट बस की." 'अहो'चं 'अगं' झालं ते तिथे.

मग तो प्रश्न आलाच. "घरात कोण कोण असतंय?"

जीभ सवयीने वळली. "मी आणि एक मै..." म्हणेपर्यंत मलाच ते विचित्र वाटलं. इथे, या झाडाखाली, ज्या रविवारी मी गाडी लपवून आले त्या रविवारी, तरी? "आम्ही दोघी," मी म्हटलं. "ती शिक्षिका आहे. १२ वर्षं झाली एकत्र."

आणि गप्प राहिले. आता 'बरं' येणार म्हणून.

"सैपाक कोण करतंय मग?"

मला उत्तरच सुचेना. अवघड होतं म्हणून नाही. इथपर्यंत आजवर कुणी आलंच नव्हतं. तयार वाक्य नव्हतं माझ्याकडे.

"सकाळचा ती. रात्रीचा मी."

"भाकरी कुणाची चांगली?"

"तिची. माझी फुगत नाही."

"पीठ जुनं असंल. जुनं झालं की विरी जाती त्याची. थोडं थोडं दळून आणायचं. भांडताय का?"

"गॅस बंद केला का नाही यावरून. रोज."

"कोण विसरतंय?"

"मी."

"मग बरोबर हाय तिचं." निकाल लागला. "आणि तिच्या घरची?"

"ती भाऊबीजेला जाते. मला बोलवत नाहीत."

यावर काकू काही बोलल्या नाहीत. पिशवीची गाठ सोडली, परत मारली. मग म्हणाल्या, "आमच्या ह्याच्याकडं पण एक पोरगं येतंय. मी आले की असतंय तिथंच. दोनदा माझ्या हातचं जेवलंय. शांत हाय. मी अजून काय विचारलं नाही. काय विचारायचं तेच कळंना."

मी म्हटलं, "भाकरी कुणाची चांगली ते विचारा."

त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की पेपरवाल्या वडिलांनी पेपर खाली केला. त्यांचे डोळे लाल होते. काकूंनी पिशवीतून डबा काढला, चपातीला शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळ्या केलेल्या, आणि पहिली त्यांच्याच हातात दिली. दुसरी माझ्या. तेल चांगलं सुटलेलं होतं. आता ओढणी नाकावर ठेवून चटणी-चपाती खाणारी बाई अजून जन्मायची आहे. गाठ सोडली. गॉगल डोक्यावर सरकवला. वारं लागलं गालांना. एवढंच.

लोक नंतर विचारतात, धाडस कसं केलंस? चटणीला नाही म्हणता आलं नाही, असं केलं.

मोर्चा निघाला. पुढे पोलिसांची गाडी, मग तो लांबलचक सहारंगी झेंडा, दोन्हीकडून पोरांनी ताणून धरलेला, मग वाजवणारे, मग आम्ही. पालकांना पुढे घेतलं होतं, आणि मी पालकांत होते. आता कुणाला समजावत बसणार? हातांना चटणीचं तेल होतं, त्या हातांनी पांढऱ्या ओढणीला कोण हात लावणार, म्हणून ती गळ्यातच राहिली.

डेक्कनकडून गुडलक चौकात वळलो तेव्हा कठड्यावर फोटोग्राफर उभे दिसले, सात-आठ तरी. तेव्हा मला कळलं, आपलं तोंड उघडं आहे. पोटात गोळा आला. पाय थांबले आणि मागून कुणीतरी आदळलं. वळून पाहिलं तर हिरव्या काठापदराची साडी, कपाळाला मळवट, चांगली पाच फूट दहा इंचांची एक तृतीयपंथी बाई. मला वाटलं आता ओरडा बसणार. ती म्हणाली, "चला माउली, गॅप पडला."

माझे वडील वारकरी. फलटणजवळचं आमचं गाव, ज्ञानोबांची पालखी तिकडून जाते. लहानपणी मी दिंडीत चार-दोन मैल चालायची आणि रेंगाळले की मागून हेच वाक्य यायचं, 'गॅप' हा शब्द सोडून. माउली म्हणताना समोर बुवा आहे की बाई, हे बघायची गरज पडत नाही. ही सोय आपल्या भाषेत शेकडो वर्षं पडून आहे आणि आपण फॉर्मवर 'श्री./श्रीमती' खोडत बसतो. मी चालायला लागले. फोटो काढले असतील त्यांनी, नसतील. मी समोरच्या मुलाच्या पाठीकडे बघत चालले.

फर्ग्युसन रस्ता. याच रस्त्याने दरवर्षी पालख्या शहरात येतात. मी आणि बाई ज्ञानेश्वर पादुका चौकात बाकीच्या गर्दीसारख्या फुटपाथवर उभ्या राहून हात जोडतो. त्या रस्त्याच्या मधोमध आपण चालू असं कधी वाटलं नव्हतं. दुकानांतून लोक बाहेर येऊन बघत होते. काही हसत होते, काही मोबाइल धरून होते, एक आजोबा 'रूपाली'समोर रांगेतला आपला नंबर न सोडता टाळ्या वाजवत होते. एकाने काहीतरी घाण शब्द टाकला, तो ढोलात विरला. खरं सांगायचं तर बहुतेकांना आम्ही रविवारची वाहतूक अडवणारे आणखी एक कुणीतरी होतो. पुण्यात मिरवणुकांची कमी आहे का?

"ती कोण बाई मघापासून तुझ्याकडं बघत चाललीय?" काकू म्हणाल्या.

डाव्या फुटपाथवर, कपड्यांच्या ठेल्यांच्या मागून, एक बाई आमच्या बरोबरीने चालत होती. निळी ओढणी, पूर्ण तोंड झाकलेलं, गॉगल, हातात तुळशीबागेची पिशवी. आम्ही थांबलो की ती थांबायची आणि ठेल्यावरचा एखादा कुर्ता उचलून बघायची. आम्ही निघालो की कुर्ता खाली. त्यातला एक तर पुरुषांचा होता. चाल मी ओळखली. डावा पाय किंचित बाहेर पडतो तिचा, २०१४ मध्ये जिन्यावरून पडल्यापासून.

"ती आमची बाई," मी म्हटलं.

"मग तिकडं का चाललीय?"

"शाळेत आहे ना. भीती वाटते."

काकूंनी मान हलवली. मला वाटलं, विषय संपला. तर त्या सरळ रांग सोडून फुटपाथकडे निघाल्या. मला ऐकू आलं नाही काय बोलल्या ते. दिसलं एवढंच, काकूंनी डब्यातली शेवटची गुंडाळी काढून बाईच्या हातावर ठेवली, मग आपली नायलॉनची पिशवीच तिच्या खांद्याला अडकवली आणि परत आल्या.

"पिशवी धरा म्हटलं जरा. मला चालताना जड होतीय."

पिशवीत रिकामा डबा आणि एक शाल होती. जड कसली!

पण आता बाईला काही इलाज उरला नाही. परक्या बाईची पिशवी घेऊन पळून जाणार कुठे? रस्ता ओलांडून आमच्यात आली नाही ती. पण कुर्ते बघायचं नाटक मात्र सोडून दिलं. पादुका चौकातून वळून परत संभाजी उद्यानापर्यंत ती फुटपाथवरून, दोन पिशव्या घेऊन, आमच्या बरोबरीने सरळ चालत आली. एके ठिकाणी ठेले संपतात, रस्ता आणि फुटपाथ यांच्यामध्ये काहीच राहत नाही. तिथे ती माझ्यापासून चार हातांवर होती. ओढणीआड हलणारे गाल दिसत होते. बया चपाती खात होती, ओढणीच्या आतून. मघाचं माझं विधान मागे घेते.

उद्यानात भाषणं झाली, ती फारशी ऐकली नाहीत. काकूंनी लेकाला बोलावून आमची ओळख करून दिली, "ह्या पुण्याच्या दोघी," आणि त्याच्यामागे दोन पावलांवर उभ्या असलेल्या शांत मुलाला विचारलं, "तुला भाकरी येती का रं?" तो बावचळला. लेक माझ्याकडे बघायला लागला, ही कोण आणि हिने माझ्या आईला काय शिकवलं म्हणून.

घरी जाताना बाई माझ्या मागे बसली होती. स्कूटी म्हात्रे पुलावर आली तेव्हा म्हणाली, "त्या काकूंना तू सांगितलंस का गॅसचं?"

"हो."

"बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून तीन पेपर आणले. फोटो होते, झेंड्याचा होता, पंख लावलेल्या एका मुलाचा होता. मी कुठेच नव्हते. हायसं वाटलं. आणि चहा पिताना थोडं वाईटही वाटलं, ते बाईला सांगितलं नाही. बँकेत कुणीतरी विचारलं, रविवारी काय केलंस? मी म्हटलं, एफसी रोडला, फर्ग्युसन रस्त्याला गेलो होतो, दोघी. खोटं काहीच नव्हतं त्यात.

पुढे काय झालं, ते भराभर सांगते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आमच्यासारख्यांच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. नवरात्रातला मंगळवार होता, बँकेत आम्ही सगळ्याजणी लाल साड्यांत, ग्रुप फोटोसाठी उभ्या होतो आणि हातात मोबाइल थरथरत होता. फोटोत मी हसतेय. तो फोटो चांगला आलाय, हेच त्याचं वाईट.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने पत्रक काढलं, की क्वीअर, म्हणजे आमच्यासारख्या, जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. मला हसू आलं. बँकेतल्या माणसाला हे आधीच माहीत असतं. नॉमिनी कुणालाही करता येतं, फॉर्मवर 'नाते' या शब्दापुढे 'असल्यास' असं चक्क छापलेलं असतं. मी स्वतः बाईला २००९ मध्येच नॉमिनी केलं होतं आणि त्या रकान्यात रेघ मारली होती. पत्रक आल्यावर मी नवा फॉर्म घेतला. रेघ मारायची नाही एवढं ठरलेलं होतं, पण लिहायचं काय? 'मैत्रीण' लिहिलं, खोडलं. 'पार्टनर' लिहवेना. तो फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये आहे, माझ्याच काउंटरच्या. रोज गिऱ्हाइकांना सांगते, "रकाना रिकामा ठेवू नका हं."

बाई अजून मोर्च्यात आलेली नाही. दोनदा फुटपाथवरून चालली, एकदा वह्या होत्या. निवृत्तीला काही वर्षं आहेत, तोवर मी तिला म्हणणार नाही.

सांगलीच्या काकूंचा मात्र फोन असतो. लेक आणि तो शांत मुलगा आता पिंपरीला एकत्र राहतात; गावात अजून दवाखानाच चालू आहे. गेल्या आठवड्यात फोन आला. मी उचलला, हॅलो म्हटलं, तब्येत विचारली.

"ते असू दे," काकू म्हणाल्या. "बाईंना दे."

बाईने फोन घेतला तो थेट गॅलरीत नेला. पाऊण तास झाला, दोघींचं काय चाललं होतं कोण जाणे, हसण्याचे आवाज तेवढे येत होते. मध्ये एकदा ती दारातून आत डोकावली, फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, तीन शिट्ट्या झाल्या. बंद कर."